वाटणी

कागदोपत्री सगळं नीट झालं.
घर मला, गाडी त्याला,
कुकर माझा, त्याची शिट्टी कुणालाच सापडली नाही.
उरली टाकी.
हेरंब म्हणाला, नर मी नेतो, माद्या तू ठेव,
पिल्लांची कटकट तरी एकदाची संपेल.
आणि पिसाऱ्याच्या शेपट्यांचे चारही गप्पी
दह्याच्या रिकाम्या डब्यात घालून
तो ब्रिस्टलला गेला,
डब्याला सीटबेल्ट लावून.

आपल्याला मूल नको, हे आम्ही मिळून ठरवलं होतं.
मिळून ठरवलेली तेवढी एकच गोष्ट
शेवटपर्यंत टिकली.

माझ्याकडे पाच माद्या. राखाडी, पोट सुटलेल्या,
शेपटीवर जेमतेम एक पिवळी रेघ.
स्विंडनचं पाणी जड,
किटलीच्या बुडाशी चुन्याची खपली धरते,
तूरडाळ शिजता शिजत नाही,
पण यांना मानवतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी चहा ओतताना दिसलं:
काचेशी नुसते डोळेच डोळे,
स्वल्पविरामाएवढे जीव.
मोजले. तेवीस.
वाचायचा चष्मा लावून
स्थळ पाहायला आल्यासारखी
एकेकीची शेपटी पुन्हा तपासली मी.
नर नव्हता.

ग्लेनिस हसली नाही.
दुकानात गिऱ्हाईक होतं, पोपटाचे दाणे तोलून घेत.
रबरी हातमोजा उपसत ती म्हणाली,
साठवून ठेवतात गं त्या.
एकदाचा संग सहा-सहा महिने पुरवतात,
तो गेला म्हणून काय झालं?
मी फिल्टरचा एक स्पंज विकत घेतला, गरज नसताना,
आणि तिनं सांगितलेलं पावतीमागे लिहून आणलं,
शेवाळ काढ, आडोसा ठेवू नकोस,
पाणी जरा गार असू दे, बाकीचं आयाच करतील.
खाली दोनदा अधोरेखित:
कालव्यात सोडायचं नाही. कितीही दया आली तरी.

शेवाळ काढायला अर्धा तास गेला.
पहिल्या खेपेची पिल्लं वाचावीत म्हणून
मीच लावलं होतं ते,
हेरंब नको नको म्हणत असताना.
मग टाकीचा दिवा मालवला
आणि भांडी घासत बसले,
घासलेलीच.
सकाळी चार उरले होते.
दुपारी तेही नाहीत.
माद्या संथ, जड, जेवून उठल्यासारख्या.
मला राग यायला हवा होता.
मी नेहमीची चिमूट घातली.

कॅलेंडरवर, कचऱ्याच्या गाडीच्या वारांशेजारी,
आकडे लिहीत गेले: एकोणीस, मग अकरा.
चौथ्या खेपेला सहा.
काहीतरी आटत होतं
आणि हिशेब ठेवायला मी एकटी.
पाचव्या महिन्यात रकाना कोरा.
त्याच्या नावाची पत्रंही तोवर थांबली होती,
दंतवैद्याचं सोडून.

काल तो स्पंज अखेर बदलायला घेतला.
फिल्टरच्या आत, काळ्या गाळात,
एक.
कुणाच्या तोंडी न लागलेला,
घाणीवरच पोसलेला, करंगळीच्या नखाएवढा.
वाडग्यात घेऊन खिडकीच्या उजेडात धरला.
पोटाखालचा पंख टोकदार होऊ लागलाय,
शेपटीत नारिंगीचा पहिला शिंतोडा.

टाकीत टाकला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं.
आणि ठरल्याप्रमाणे
हा त्याच्या वाटणीचा.

दह्याचा डबा धुऊन उपडा घातलाय.
वाडगं ओट्यावर, शेजारी फोन.
आज रविवार.
दहाच्या आधी तो उठत नाही.